बेलीफकाका आणि यादीतला तात्या

बेलीफकाका कुणाच्याच दारासमोर उभे राहत नसत. बेल वाजवायची आणि दोन पावलं बाजूला सरकून भिंतीला पाठ लावायची. दार उघडणाऱ्याला आधी नुसता रिकामा पॅसेज दिसायचा आणि मग बाजूनं आवाज यायचा, "घरात कोण कोण आहेत?" पूजेचा प्रसाद द्यायला आले तरी हेच. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी दचकून दार लावूनच घेतलं होतं.

"घाबरू नका, सवय आहे," ते बाहेरून म्हणाले. "तीस वर्षं लोकांची दारं वाजवली. दारातून आधी काय बाहेर पडेल सांगता येत नाही. कधी शिवी येते, कधी बादलीभर पाणी. बहुतेक वेळा कुत्रा."

ते कोर्टातून बेलीफ म्हणून रिटायर झालेले. समन्स बजावायचं, नोटीस दारावर डकवायची, हुकूम झाला की घराचा ताबा घेऊन द्यायचा, अशी नोकरी. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची दारं त्यांना पाठ होती, आणि त्या दारांमागचे कुत्रेही. सतरा वेळा चावा बसला होता त्यांना. पँट वर करून पोटरी दाखवायचे तेव्हा नकाशावर गावं दाखवावीत तसं बोट फिरवायचे. "हा भांडुप. पामेरियन. एवढासा. हा घाटकोपर, गल्लीतला. आणि हा इथलाच, विक्रोळीचा, एका डॉक्टरांचा लॅब्राडोर. डॉक्टर म्हणाले, आमचा कधी चावत नाही. मी म्हटलं, तसं लिहून द्या." सुरुवातीच्या चाव्यांना पोटात चौदा-चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तीही सांगायचे.

ते गेले तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "एक प्राणिमित्र हरपला" असं टाकलं. काकांनी वाचलं असतं तर पुरावा मागितला असता. लिफ्टमध्ये कुत्रा असला तर ते जिन्यानं जायचे. आयुष्यात एकाही कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला नाही, असं मला त्यांनीच सांगितलं होतं. एरवी ते कोर्टाच्या कागदासारखं शुद्ध बोलायचे, पण मनातलं काही असलं की मालवणी बाहेर पडायची. "प्रेमबीम काय नाय गो माझा," ते म्हणायचे. "माका फकत कागद बरोबर लागता."

हा कागद बरोबर लागण्याचा रोग मला सर्वांत जास्त बाधला, कारण मी सेक्रेटरी होते. आमची विक्रोळीची जुनी वसाहत पाडून तिथं सोळा मजली इमारत झाली आणि पहिल्या मीटिंगला "सेक्रेटरी कोण होणार?" विचारल्यावर सगळ्यांनी मोबाइल काढले. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, मला लिहिता येतं, म्हणून मी. त्यानंतर सात वर्षं मी नोटिसा लिहिल्या आणि काकांनी त्या वाचल्या. हात पाठीमागे बांधून, बोर्डासमोर, तारखेपासून शिक्क्यापर्यंत. मग आमची बेल वाजायची आणि बाजूनं आवाज यायचा.

"सेक्रेटरीबाई, 'संबंधितांनी नोंद घ्यावी' असं लिहिलंय. संबंधित कोण?"

"काका, पाण्याची टाकी धुणार आहेत. सगळेच संबंधित."

"मग तसं लिहा. उद्या कुणी म्हणाला मी संबंधित नव्हतो, तर?"

मी हातातली पोळी तव्यावर टाकून खाली जायचे आणि "सर्व सभासदांनी" असं दुरुस्त करून यायचे. वाद घालण्यापेक्षा दोन जिने उतरणं सोपं पडायचं.

चौथ्या मजल्यावर गायकवाड राहतात. वैशाली घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, इथल्याच फॅक्टरीतून रिटायर झाले आणि दोनच वर्षांत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू कमजोर राहिली, बोलणं सावकाश झालं. वैशालीच्या भावानं हौसेनं एक रॉटवायलर आणला होता. काळा, छाती रुंद, भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके. नाव ठेवलं टायसन. भाऊ कतारला नोकरीला गेला आणि टायसन आप्पांच्या वाट्याला आला. आप्पांना ते नाव उच्चारायला जमेना. त्यांच्या तोंडून "तात्या" यायचं. महिन्याभरात सगळी बिल्डिंग त्याला तात्या म्हणायला लागली, आणि एवढं अवाढव्य जनावर तात्या म्हटल्यावर मान वाकडी करून बघायला लागलं.

तात्या कुणाला चावला नव्हता. हे मी सेक्रेटरी म्हणून सांगते, माझ्याकडे तशी एकही तक्रार नव्हती. पण एकदा आमचे चेअरमन देसाई यांची चार वर्षांची नात लिफ्टमध्ये शिरली, दार बंद झालं आणि आत वैशालीबरोबर तात्या होता. चार मजले तो तिच्याकडे बघत उभा राहिला. काही केलं नाही त्यानं. पण त्या दिवसापासून ती पोर लिफ्टचं दार दिसलं की रडायची. देसाई वाईट माणूस नाही. नातीला कडेवर घेऊन दहा मजले चढताना मी त्यांना पाहिलंय.

अशात दिल्लीहून ते पत्रक निघालं. हिंस्र म्हणून परदेशी कुत्र्यांच्या काही जातींची यादी होती त्यात, आणि रॉटवायलर होता. ग्रुपवर फोटो आला, खाली कुणीतरी लिहिलं, "बॅन झाला!! आता काढा." संध्याकाळपर्यंत त्याखाली पन्नासेक अंगठे. देसाईंनी मला फोन केला. "तू मीटिंग लाव. आता तर सरकारच म्हणतंय."

मीटिंग खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून झाली. ठराव एका ओळीचा होता: बंदी घातलेल्या जातीचा कुत्रा आठ दिवसांत इमारतीबाहेर न्यावा. मी वाचून दाखवला. मागच्या रांगेतून बेलीफकाका उठले. त्यांच्या हातात त्या पत्रकाची प्रिंट होती, चार ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा केलेली.

"हे पत्रक राज्यांच्या मुख्य सचिवांना लिहिलंय," ते म्हणाले. "इथं मुख्य सचिव कोण आहे?"

कुणीतरी हसलं.

"यात म्हटलंय, या जाती बाहेरून आणू नका, पैदास करू नका, विकू नका, नवीन परवाने देऊ नका. ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी. तात्याची झालीये, दाखला मी बघितलाय. घरातून काढा असं कुठल्या ओळीत आहे, ते मला सेक्रेटरीबाईंनी बोट ठेवून दाखवावं."

मला दाखवता आलं नाही. मी ते शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं.

मग त्यांनी सगळ्यांसमोर पँट वर केली. बायका बसल्या होत्या, पण काकांना त्याचं काही नव्हतं. "सतरा आहेत. यातला एकही यादीतला नाही. यादी करायचीच तर पामेरियन पहिला घाला."

सातव्या मजल्यावरचा एक तरुण मुलगा म्हणाला, "काका, रॉटवायलर चावला असता ना, तर दाखवायला पाय राहिला नसता."

काकांनी पँट खाली सोडली. "ते खरं आहे," ते म्हणाले. "त्याचा जबडा मोठा. म्हणून मुसकं बांधा. साखळी आखूड ठेवा. लिफ्टची वेळ ठरवून द्या, मी स्वतः पाळत ठेवतो. पण ज्यानं काही केलं नाही त्याला, तो कोण आहे एवढ्यावरून बाहेर काढायचं, याला न्याय नाही म्हणत."

"मग काय त्यानं पोरीला फाडायची वाट बघू?" देसाई ओरडले. त्यांचा आवाज कापत होता.

तेव्हा आप्पा बोलले. वैशालीनं त्यांना धरून खाली आणलं होतं. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "जात बघून भायेर काढत्यात, हे मला नवीन नाही. कुत्र्याला नवीन असंल."

देसाई खालच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, विषय तो नाहीये."

"मी कुठं म्हणलो, आहे," आप्पा म्हणाले आणि वैशालीचा हात शोधायला लागले.

ठराव मंजूर झाला. विरोधात चार हात होते. माझा नव्हता. सेक्रेटरीनं तटस्थ राहावं असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना बेल वाजली. काका आत आले, पाणी घेतलं, आणि न विचारता सांगायला लागले. भांडुपला एका चाळीत म्हातारी बाई एकटी राहायची. ताब्याचा हुकूम निघाला होता. काका पोलीस आणि हमाल घेऊन गेले तेव्हा तिच्या स्टोव्हवर भात होता. काका म्हणाले, भात होऊ दे. सगळे बाहेर ताटकळत उभे राहिले. म्हातारीनं भात वाढून घेतला, जेवली, ताट घासलं, पालथं घातलं आणि उठली. मग काकांनी तिचं सामान गॅलरीत काढलं आणि दाराला सील ठोकलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय नाय. घरी आलो, जेवलो, झोपलो. लोक मला दगड म्हणायचे. पण कागद बरोबर होता, बाई. अकरा वर्षं कोर्टानं तिचं ऐकून घेतलं होतं. ती हरली. वाईट झालं, पण खोटं झालं नाही. म्हणून झोप लागली. तुमचा कागद तसा नाही. तुम्हांला झोप कशी लागेल, एवढंच विचारायला आलो."

खरं सांगायचं तर मला झोप लागली. दिवसभर शाळेतल्या ॲडमिशनच्या रांगा, संध्याकाळी सोसायटीची भांडणं, पाठ टेकली की मी मेल्यासारखी झोपते. नोटीस मी त्याच दिवशी टाइप केली. वैशाली रात्रपाळी करून आली होती, डोळे सुजलेले. तिनं वाचलीसुद्धा नाही. "ताई, सही कुठं करू?" एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात काका गावी गेले, कुडाळला, बहीण आजारी होती म्हणून. ते असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. ते नव्हते, तेवढ्यात लिफ्टमध्ये तात्याबद्दल कुणीतरी घाण लिहून ठेवलं. गायकवाडांच्या कामवालीला दोघींनी सांगितलं, तिकडे जातेस तर आमच्याकडे येऊ नको. आप्पा वैशालीला म्हणाले, "धाड त्याला. भांडायला जीव नाही आता." तिच्या हॉस्पिटलातल्या एकाच्या ओळखीनं वांगणीच्या पलीकडचा एक पोल्ट्रीवाला तयार झाला. टेम्पो आला तेव्हा तात्या आपण होऊन उडी मारून आत चढला. फिरायला न्यायचंय असं वाटलं असणार त्याला.

काका परत आले, त्यांना कळलं. ते ओरडले नाहीत. फक्त नोटिशीवरची वैशालीची सही बघायला मागितली आणि बराच वेळ बघत बसले. मग सहकार खात्याच्या ऑफिसात अर्ज केला. मला उत्तर द्यावं लागलं, तारखा पडल्या, साहेब रजेवर गेले, फाइल सापडेना. दर तारखेला आम्ही दोघं एकाच बाकावर बसायचो, ते अर्जदार आणि मी सामनेवाली, आणि माझ्या डब्यातलं ते अर्धं खायचे.

चारेक महिन्यांनी एक दिवस ते पेपर घेऊन आले. दुसऱ्या एका राज्याच्या हायकोर्टानं ते पत्रक रद्द ठरवलं होतं. संबंधितांचं ऐकूनच न घेता काढलं, असं कारण दिलं होतं. काकांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. आवाजात आनंद अजिबात नव्हता. मी कमिटीपुढे विषय ठेवला. देसाई म्हणाले, "तो तिकडचा निकाल. आणि कुत्रा गेलाय ना? मग कशाला उकरतेस?" बाकीचे घड्याळं बघत होते.

मी काकांना म्हटलं, "जाऊ द्या ना आता. दमले मी."

"मी पण दमलोय," ते म्हणाले. "रविवारी मोकळ्या आहात का?"

वैशालीची ड्यूटी होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. वांगणीला उतरून रिक्षा केली. शेताच्या कडेला पत्र्याच्या लांब शेड, कोंबड्यांचा उग्र वास, आणि फाटकाजवळ लोखंडी खांबाला बांधलेला तात्या. आम्हांला बघताच तो असा झेपावला की साखळीला हिसका बसून मागच्या पायांवर उभा राहिला. मी रिक्षाच्या मागे गेले. लिफ्टमध्ये मान वाकडी करून बघणारा तात्या तो नव्हता. गळ्यातला नायलॉनचा पट्टा कातडीत रुतला होता आणि तिथं माश्या बसत होत्या.

मालक चाळिशीचा, सरळ माणूस होता. खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. "राखणीला एक नंबर झालाय," तो कौतुकानं म्हणाला. "आला तेव्हा नुसता लोळायचा. येईल त्याच्या अंगाला अंग घासायचा. मग आखूड बांधला, कुणाला जवळ जाऊ दिलं नाही, तेव्हा कुठं तयार झाला."

काका म्हणाले, आम्ही त्याला न्यायला आलोय. मालक उठला, आतून एक कागद घेऊन आला. वैशालीचं अक्षर होतं. मी माझा कुत्रा स्वखुशीनं देत आहे, यापुढे माझा हक्क राहणार नाही. खाली सही, तारीख, साक्षीदार. काकांनी तो दोनदा वाचला, उलटा करून पाठ बघितली. "स्वखुशीनं" या शब्दावर त्यांचं बोट थांबलं, मग पुढे गेलं. कागद घडी घालून त्यांनी परत दिला.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही. "हा कागद माझ्या नोटिशीमुळे झाला," मी मालकाला म्हटलं. "ती नोटीस चुकीची होती. वैशालीला कुत्रा काढायला लावला आम्ही. मी लावला."

मालकानं माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. "बरं," तो म्हणाला. "मग आता तिथले लोक बदललेत का?"

त्यानं कागद खिशात घातला.

"आज न्याल, उद्या पुन्हा कुणीतरी सह्या करेल, आणि पुन्हा कुठंतरी सोडाल. त्यात आता हा असा झालाय. तिथं लेकरं आहेत म्हणता. त्याला किती वेळा हलवायचं, ताई?"

चहा आला, तो आम्ही प्यालो. मग काकांनी विचारलं, "जवळ हार्डवेअरचं दुकान आहे?" रिक्षा घेऊन ते गेले आणि अर्ध्या तासानं लांब साखळी, रुंद चामड्याचा पट्टा आणि एक कात्री घेऊन आले. मालक म्हणाला, मी घालतो. काका म्हणाले, नको, तुम्ही फक्त हळद आणि तेल द्या.

खांबापासून दोन हातांवर ते जमिनीवर बसले. सत्तरीचा माणूस, इस्त्रीची पँट, मातीत. तात्या गुरगुरत होता. काकांनी नवा पट्टा बक्कल उघडून मांडीवर ठेवला. "तात्या," ते म्हणत होते, "अरे तात्या. माका आप्पांनी धाडल्यानी. आप्पांनी." पुन्हा पुन्हा तेच, हळू आवाजात. थोड्या वेळानं ते बसल्या बसल्या पुढे सरकले. मी तोंड फिरवून कोंबड्यांच्या शेडकडे बघत राहिले. गुरगुर थांबत नव्हती, फक्त वाढत नव्हती. कात्रीनं नायलॉन कापल्याचा आवाज आला. वळले तेव्हा तात्याच्या गळ्यात नवा पट्टा होता, मानेवर पिवळा लेप होता आणि काका मागे सरकत सरकत कुंपणापाशी येऊन धापा टाकत होते. शर्ट घामानं चिकटला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. नाय चावल्यान."

तात्या अजून तिथंच आहे. साखळी तीच लांबवाली. वैशाली महिन्यातून एकदा जाते आणि हल्ली तो तिला जवळ येऊ देतो. मी पुढच्या सभेत तो ठराव रद्द करून घेतला. कुणी विरोध केला नाही, कारण आता त्यात कुणाचं काही जात नव्हतं. मग सेक्रेटरीपद सोडलं. देसाईंची नात शाळेत जाते, लिफ्टनं.

त्या रविवारी परत आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. काका घरी न जाता सरळ चौथ्या मजल्यावर गेले, मी त्यांच्या मागोमाग. आप्पा खिडकीशी खुर्चीत होते. आमच्या पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"दिसला का?"

"दिसला," काका म्हणाले. "खातोय. जागा मोकळी आहे. मानेला जखम होती, तिला हळद लावली." मग त्यांनी सगळंच सांगितलं. झेप, साखळी, वैशालीचा कागद, आणि तो परत का आणता आला नाही ते. काही गाळलं नाही. आप्पा खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"वळखलं का तुमाला?"

"नाय. माका नाय वळाखल्यान," काका म्हणाले. "पण तुमचा नाव घेतलंय, तेवा एक कान हलवल्यान."

मी तिथंच होते, पण तोंड फिरवून. मला कान हललेला दिसला नव्हता. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला म्हणत असतील, असं मला वाटलं.

आप्पा खिडकीकडून काकांकडे वळले. मग विचारलं, "कुठला?"

"डावो."

आप्पांनी मान हलवली. "डावाच," ते म्हणाले. "उजवा लहानपणापासून हलत नाही त्याचा."